मगदूम आप्पांचं जनावर

माधवनगरात आमची यंत्रमागाची लहानशी शेड आहे आणि मौला जमादार तिथं जॉबर आहे. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो चालता करणारा माणूस. बाकीचे जॉबर आल्याआल्या पाना काढतात. मौला आधी मागाशेजारी उकिडवा बसतो आणि थोडा वेळ नुसतं ऐकतो. वय पंचेचाळिशीच्या पुढं, बोलणं बेताचं, चहा बिनदुधाचा.

हरिपूर त्याचं आजोळ, त्यामुळं नदी त्याच्या अंगवळणी पडलेली. कृष्णेला पूर आला की तो शेडवर न सांगता हरिपूरच्या केरबाकडं जायचा आणि त्याच्या नावेवर वल्हं धरायचा. पाणी उतरलं की परत येऊन कामाला लागायचा. आम्ही विचारायचो नाही, तो सांगायचा नाही. महापुराच्या वर्षी मात्र तो परत आला तेव्हा त्याच्या हातात शालीत गुंडाळलेली एक काचेची पेटी होती. ती कशी आली हे त्यानं मला पुढं कितीतरी महिने तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मी ते सलग सांगतो आहे, एवढंच.

त्या ऑगस्टात सांगलीच्या गावभागात घरांचे तळमजले बुडाले होते. केरबा आणि मौला दिवसभर गल्लीबोळांतून माणसं काढत होते. दिवस मावळायच्या सुमाराला त्यांची नाव एका अरुंद बोळात शिरली. नावेत एक पोटुशी बाई, तिची सासू, दोन लहान पोरं आणि तापानं फणफणलेला एक माणूस होता. आणखी एखादा कसाबसा बसला असता. डाव्या हाताच्या घराच्या गॅलरीत एक म्हातारा उभा होता. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर शाल, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली ती पेटी.

"अहो नाववाले, हे जरा धरता का?" म्हातारा म्हणाला.

"काय हाय त्यात?" मौलानं विचारलं.

"जनावर आहे. नातवाचं आहे."

"आवं आजोबा, माणसाला जागा न्हाई आन् जनावर कुठं घेऊ? काचेची पेटी ती. फुटली तर पोरांच्या अंगावर जाईल. तुमी या. ते ऱ्हाऊ द्या."

म्हाताऱ्यानं पेटीकडं पाहिलं, मग नावेकडं. "हे एकटं नाही राहायचं हो," तो म्हणाला. "असू दे. तुम्ही या लोकांना पोचवा आधी."

"सकाळी पैल्या फेरीला येतो. वरच ऱ्हावा. खाली उतरू नगा."

"येता ना नक्की?"

"येतो म्हंजे येतो."

नाव वळवताना मौलानं मागं पाहिलं. म्हाताऱ्यानं पेटी कठड्यावर टेकवून एक हात वर केला होता. जा म्हणून की थांबा म्हणून, ते त्या मावळत्या उजेडात कळलं नाही.

रात्रीत पाणी आणखी चढलं. सकाळी त्या बोळाला अशी ओढ लागली की केरबा नाव आत घालायला तयार होईना. "भितीवर आपटून चुरा हुईल गड्या. जरा दम धर," तो म्हणाला. मौलानं दम धरला. दुसरा इलाज नव्हता. ओढ उतरल्यावर ते तिथं पोचले तेव्हा दुपार कलली होती.

म्हातारा वरच्या खोलीत खुर्चीत बसलेला होता. पाय स्टुलावर, मान जरा कलती. पाणी त्या खोलीपर्यंत आलंच नव्हतं. खिडकीतून आलेल्या पावसानं मात्र सदरा भिजला होता. शाल अंगावर नव्हती. पेटी समोरच्या कपाटावर ठेवलेली होती आणि शाल त्या पेटीला गुंडाळलेली होती, लेकराला गुंडाळावी तशी, कडा आत खोचून.

पुढं डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कधी, ते नेमकं कुणालाच सांगता आलं नाही. मौलाला तेवढंच कळायला हवं होतं. म्हातारा रात्रीच गेला असेल तर आपण सकाळी पोचलो असतो तरी काही उपयोग नव्हता. पण सकाळी गेला असेल, तर मग होता.

शेजाऱ्यांकडून नाव कळलं, शांतिनाथ मगदूम. सगळे आप्पा म्हणायचे. एकटेच राहायचे. त्यांना उचलून नेलं. पेटीला कुणी हात लावेना, म्हणून मौलानं ती घेतली. कुणाचं तरी आहे, विचारत येतील तेव्हा देऊन टाकू, असं तो केरबाला म्हणाला.

कुणी आलं नाही.

पेटीत हातभर लांबीचा एक सरडा होता. आपल्याकडच्या कुंपणावरचा नव्हे. वाळक्या पाचोळ्याच्या रंगाचा, चपट्या अंगाचा, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला. डोळे खोल गेलेले. मागचे पाय मोडल्यासारखे फाकलेले, आणि चालायला गेला की पोट जमिनीला घासायचं. बोटांच्या टोकांना अधूनमधून थरथर सुटायची. मौलाच्या बायकोनं, जीनतनं, एकदा आत डोकावून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. ही दोघं घरात दखनी मिसळून बोलतात. मी माझ्या मराठीत सांगतो.

"मेलेलं जनावर आणलंय तुमी घरात," ती म्हणाली.

"मेलं न्हाई."

"मग मराय आलंय. कुणाचं पाप ते आपल्या दारात नगं."

दुसऱ्या दिवशी पेटी सायकलला बांधून तो सांगलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेला. कुत्र्यामांजरांच्या डॉक्टर, पण असली जनावरं त्यांनी पुण्यात शिकताना हाताळली होती.

"ऑस्ट्रेलियातला आहे हा. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात," त्या म्हणाल्या. त्यांनी बोटानं त्याच्या खालच्या जबड्यावर हलकेच दाब दिला. जबडा रबरासारखा आत वाकला. मौलानं मान फिरवली. "हाडं मऊ पडली आहेत याची. खायला काय घालत होते?"

पेटीत काकडीचे वाळलेले काप होते, कोथिंबिरीच्या काड्या आणि भिजवून वाळून गेलेले हरभरे. मौलानं ते दाखवले. बाईंनी घराचं नाव विचारलं, मौलानं सांगितलं. मगदूम म्हटल्यावर घर जैनांचं, हे त्यांना कळलं आणि त्यांनी ते हरभरे बाजूला सारले.

"याला किडे लागतात," मग म्हणाल्या. "जिवंत. हलणारं नसेल तर हा त्याला खाणं म्हणून ओळखतच नाही बऱ्याचदा. पाला खातो, पण नुसत्या पाल्यावर नाही जगत. आणि ऊन. पेटी कुठं असायची?"

"खिडकीपाशी. टेबलावर चौकोनी डाग हुता पेटीचा."

"काचेतून येणारं ऊन याच्या हाडांच्या कामाचं नाही. उजेड दिसतो, ऊब लागते. पण हाडांना जे लागतं ते काच अडवते."

मौलाच्या डोक्यात ते अडकून बसलं. त्या जनावरासमोर रोज सूर्य उगवत होता.

बाईंनी औषधाचे थेंब दिले, कॅल्शियमची पूड दिली. काय करायचं ते समजावून सांगितलं: सकाळचं कोवळं ऊन अंगावर, कोमट पाण्यात थोडा वेळ बसवायचं, शेवग्याचा पाला, तुतीची पानं, लाल भोपळ्याचा कीस. पालक नको. जबडा जरा घट्ट झाल्यावर किडे. फवारणीच्या रानातले नकोत, द्राक्षाच्या मळ्यातले तर बिलकूल नकोत. "पण आशा फार धरू नका," असंही त्या म्हणाल्या. "वाकलेली हाडं सरळ होत नाहीत. वाचला तर असाच राहील."

मौलानं सगळं पाळलं. पण कसं पाळलं, ते मी पाहिलं आहे. त्याचं घर आमच्या शेडच्या मागच्या भिंतीला लागून. दुपारच्या सुट्टीत तो भाकरीच्या आधी पेटीपाशी जायचा. सुई काढलेल्या सिरिंजनं तोंडाच्या कडेला एकेक थेंब टेकवायचा आणि ते जनावर जीभ बाहेर काढेपर्यंत वाट बघायचा. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर प्रेमबिम काही नसायचं. घाम असायचा.

जीनत सुरुवातीला लांबून बघायची. ती घरी साड्यांना फॉल-पिको करते, तिची बोटं बारीक कामाला सरावलेली. जनावराच्या बोटांवर जुन्या कातीची कडी अडकून बसली होती, दोऱ्यानं करकचून बांधल्यासारखी. एक बोट त्यापायी वाळून काळं पडलं होतं. मौलाला ती कडी निघेनात. एक दिवस जीनतनं त्याला बाजूला सारलं, कापूस कोमट पाण्यात बुडवला आणि एकेक कडं सोडवलं. काळं बोट तिच्या चिमटीत गळून पडलं. ती ओरडली नाही. पदराच्या टोकाला हात पुसून म्हणाली, "भितीतून मागाचा हादरा येतोय. माग सुरू झाला की हे जमिनीला चिकटतंय, बघा तुमी." आणि पेटी तिनं जिन्यावरच्या खोलीत नेली.

हात वर करणं तिथंच सुरू झालं.

पहिल्यांदा जीनतनं पाहिलं. जनावर पेटीत बसलेलं असताना त्यानं पुढचा डावा पाय उचलला, हवेत सावकाश गोल फिरवला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. तोंड दाराकडं. दारात कुणी नव्हतं.

"कुणाला हात करतंय हे?" तिनं खाली येऊन मौलाला विचारलं.

मौला वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, त्यांच्यात असतं तसं. दुबळा असतो तो मोठ्यापुढं असा हात हलवतो. मी लहान आहे, मला मारू नको, असं ते सांगणं. समोर कुणी नसेल तर काचेत स्वतःचंच रूप दिसत असेल. मौलानं पेटीच्या तिन्ही बाजूंना आतून खाकी कागद लावला. काही दिवस हात थांबला. मग एका सकाळी गच्चीवर, जिथं काच नाही, आरसा नाही, तिथं उन्हात गोणपाटावर बसलेल्या त्या जनावरानं पाण्याच्या टाकीकडं तोंड करून तोच हात वर केला. सावकाश. टाकीपाशी कुणी नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात ते खरं असंल," मौला मला म्हणाला. "पण मला तसं दिसत न्हाई. मला गॅलरीच दिसती."

त्या दिवसांत मौलाचं काम बिघडलं. माग ऐकायला बसायचा आणि बसूनच राहायचा. एकदा आडवं सूत नेणारा धोटा मागातून निसटून थेट समोरच्या भिंतीवर आदळला. मौलाच्या कानाजवळून गेला, तरी तो जागचा हलला नाही. मी त्याला बाहेर नेऊन बसवलं, पाणी दिलं.

"काय झालंय रं तुला?"

"मालक, हे माग काय म्हणत्यात, तुमाला ऐकू येतंय?"

"काय म्हणतात?"

"येतो, येतो, येतो, येतो." तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "सगळे येकच म्हणत्यात."

मी ते ऐकायला नको होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मलाही मागांत तेच ऐकू येत होतं.

आपल्याकडं घरातून निघताना माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मौलानं तो शब्द टाकून दिला. संध्याकाळी काम संपलं की नुसता उठायचा, चप्पल घालायचा आणि चालू लागायचा. जीनतलाही तसंच. तिनं एकदा रागानं विचारलं, तर म्हणाला, "बोललं न्हाई तरी घरीच येतोय न्हवं मी?"

ऑक्टोबरात जबडा थोडा घट्ट झाला. बाई म्हणाल्या, आता किडे द्या. माधवनगरच्या आसपास सगळीकडं फवारणीची रानं. जीनतचं माहेर मेढ्याकडचं, जावळीतल्या डोंगराला लागून. तिचा भाऊ तिथं भात आणि नाचणी करतो, फवारणी कधी केलीच नाही. दोघं पेटी घेऊन एसटीनं साताऱ्यामार्गे मेढ्याला गेली. कंडक्टरनं पेटीत काय म्हणून विचारलं, तर जीनतनं 'शिलाईचं सामान' असं सांगितलं.

घरामागच्या उतारावर कमरेएवढं गवत होतं. जीनत एक जुनी ओढणी पसरून गवतातून चालायची आणि नाकतोडे ओढणीत टपटप पडायचे. त्यातला एक बारका हिरवा मौलानं मागचे काटेरी पाय काढून जनावरासमोर सोडला. जनावरानं मान तिरकी केली. डोळा नाकतोड्यावर ठरला. मग ते थरथरत्या पायांनी पुढं गेलं, जीभ निघाली, आणि कुडकुड असा वाळलेलं पान चुरडल्यासारखा आवाज आला.

जीनत हसली. त्या दोघांत इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी हसलं असेल. तिनं मौलाकडं पाहिलं, तर तो उतारावर खाली बसलेला. तोंड गुडघ्यांत.

"खाल्लं की त्यानं! आता काय झालं?"

"येवढंच लागत हुतं त्याला," मौला म्हणाला. "नावेत येक खेप झाली असती तर."

"तुमी त्याच्याशी कवा बोलत न्हाई," जीनत म्हणाली. "माणूस जनावर पाळतं तवा त्याच्याशी बोलतं. तुमी नुसतं बघताय, तुरुंगात भेटाय गेल्यागत. कोण कुणाला भेटाय आलंय ते तरी कळू द्या."

डिसेंबरात थंडी पडली तसं जनावर खायचं बंद झालं. एका सकाळी मौलानं उचललं तर अंग गार, पाय लोंबकळलेले, डोळे मिटलेले. जीनतला त्यानं हाक मारली. तिनं कापसाचा पुंजका नाकापुढं धरला, काही कळलं नाही. मौलानं कपाटातून मगदूम आप्पांची शाल काढली. ती त्यानं धुऊन, घडी करून ठेवलेली होती. त्यात जनावर गुंडाळलं आणि घरामागं, शेवग्याच्या बुडाशी खड्डा काढायला गेला. मी शेडच्या मागच्या दारात उभा होतो. त्यानं कुदळ मारली, शाल जमिनीवर ठेवली, आणि त्या जागेवर तोवर ऊन आलं होतं. खड्डा होईस्तोवर शालीवर ऊन पडत राहिलं. मग शाल हलली.

मौला मागं सरकून पडला. मी धावलो. शालीच्या घडीतून एक डोळा आमच्याकडं बघत होता, शांत, पिवळसर. बाई नंतर म्हणाल्या, थंडीत हे जनावर असंच झोपतं, कधी कधी महिना महिना; घाबरू नका. हे मला गमतीचं वाटलं. मौलाला नाही वाटलं. "आपन मेलं समजून पुरत हुतो," तो परत परत म्हणत होता. "नीट न बघता पुरत हुतो."

संक्रांत झाल्यावर एक दिवस सकाळी शेडच्या दारात एक बाई आली. पन्नाशीची, साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. मागांच्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागलं. मौला जमादार इथंच का म्हणाली. मी तिला मागच्या बाजूला, मौलाच्या घरी नेलं. मौला गच्चीवर होता, जनावराला ऊन देत. जीनत चहा ठेवायला गेली.

"मी गुणमाला. मगदूम आप्पांची मुलगी. शिराळ्याला असते," ती म्हणाली. "आप्पांच्या शेजारच्यांनी सांगितलं, पेटी तुम्ही नेलीत. आम्हाला वाटलं होतं, पुरातच गेलं." तिनं गोणपाटावरच्या जनावराकडं पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "अंग धरलंय की यानं."

तिनं सांगितलं ते असं. तिचा मुलगा भरतेश शिकायला सांगलीत आप्पांकडं राहायचा. त्यानं हौसेनं हे जनावर आणलं. नोकरी लागली, बेंगळुरूला गेला, आणि पेटी आप्पांच्या खोलीत राहिली. भरतेश असताना बाहेरच्या बाहेर किडे आणून घालायचा. आप्पांना ते करवेना. त्यांनी पाला घातला, हरभरे घातले, देवळातून येऊन त्याच्यापाशी बसायचे. ते खंगत चाललेलं त्यांना दिसत होतं. 'माझ्या हातून त्याला मारवतही नाही आणि जगवतही नाही,' असं एकदा फोनवर म्हणाले होते. दूधवाल्याला, भाजीवाल्याला विचारायचे, कुणी नेता का म्हणून. कुणी नेलं नाही.

"मला एक विचारायचं होतं," गुणमाला म्हणाली. "आदल्या दिवशी आप्पांकडं एक नाववाला गेला होता. तुम्ही त्या पाण्यात होता, तुम्हाला माहीत असेल कोण ते. मला त्या माणसाला भेटायचं आहे."

मौला जनावराकडं बघत होता. "कशासाठी?"

"संध्याकाळी आप्पांचा फोन आला. म्हणाले, नाववाला आलाय, उद्या नेतो म्हणालाय, चांगला माणूस आहे. तू काळजी करू नको. सकाळी नऊच्या सुमाराला परत फोन केला त्यांनी. आवाज दमलेला होता. मी म्हटलं, अजून आला नाही का? तर म्हणाले, पाण्याला जोर आहे, म्हणून उशीर होतोय त्याला. येईल. तो शब्दाचा माणूस वाटला. मग फोन बंद पडला."

खाली माग चालू होते. मौलाचा चेहरा मी बघत होतो आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. इतके महिने ज्या एका गोष्टीचं उत्तर त्याला मिळत नव्हतं, ते त्या बाईनं चहाला बसल्या बसल्या देऊन टाकलं होतं. आप्पा सकाळी जिवंत होते.

"मीच त्यो," मौला म्हणाला.

गुणमालाला पहिल्यांदा कळलं नाही.

"मीच म्हणालो हुतो, येतो म्हणून. त्यांनी पेटी म्होरं केली. मी म्हणालो, जनावराला जागा न्हाई. सकाळी वढ लय हुती. दुपारी गेलो." तो थांबला. "पेटी घेतली असती तर ते तवाच उतरलं असतं."

जीनत चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या तोंडाशी आली होती, ती तिथंच उभी राहिली. गुणमालानं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले, परत गुंडाळले.

"मी दुसऱ्या कुणाला फोन केला नाही," ती शेवटी म्हणाली. "सांगलीत आमचे चार पाहुणे आहेत. मदतीचे नंबर टीव्हीवर येत होते. सगळं होतं हाताशी. पण नाववाला येतोय म्हटल्यावर मी निवांत राहिले. त्या सकाळी मी देवळात जाऊन आले, मौलाभाई. स्वयंपाक केला. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही."

मौलानं तिच्याकडं पाहिलं. त्या दोघांपैकी कुणी कुणाला, तुमचा काय दोष, असं म्हटलं नाही. मलाही म्हणवेना. चहा निवून गेला.

मग जनावर गोणपाटावरून सरपटत मौलाच्या पायाशी आलं आणि मान वर करून बसलं.

"खायची येळ झाली त्याची," मौला म्हणाला.

"काय खातं आता?"

मौलानं जीनतकडं पाहिलं. जीनतनंच सांगितलं, "नाकतोडं, ताई. माझ्या माहेरास्नं येत्यात. जित्तं लागतंय त्याला."

गुणमालानं पदर डोक्यावरून घेतला. "घाला," ती म्हणाली. "मी त्या बाजूला बघते." आणि ती उठून कठड्यापाशी गेली, पाठ करून उभी राहिली. कुडकुड आवाज आला तेव्हा तिचे खांदे आक्रसले. ती वळली नाही. पण कान झाकून घेतले नाहीत.

जाताना मौलानं तिला शाल दिली. तिनं ती घेतली. जनावर नेणार का, असं जीनतनं विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडं परत तेच होईल त्याचं."

त्या दिवसानंतर मौलाचं काय झालं म्हणाल, तर मन हलकं झालं असं मला सांगता येणार नाही. उलट पहिल्यांदा तो दोन दिवस कामाला आला नाही. मग आला. माग ऐकायला बसला आणि पाना घेऊन उठला. आता त्याला काय ऐकू येतं, ते मी विचारलेलं नाही. दोन वर्षांनी पुन्हा पूर आला तेव्हा तो केरबाकडं गेला. केरबा सांगतो, गॅलरीतून कुणी विचारलं, परत येता ना, तर मौला पाण्याकडं बघायचा. उत्तर केरबा द्यायचा. मांजरं, बोकडं, एकदा तर पिंजऱ्यासकट पोपट, सगळं नावेत यायचं. त्यापायी एकदा नाव कलली आणि केरबानं त्याला शिव्या घातल्या. मौलानं ऐकून घेतल्या.

गुणमाला वर्षातून एकदोनदा शिराळ्याहून येते. बरोबर तुतीची पानं आणते, त्यांच्या परड्यात झाड लावलंय म्हणे. गच्चीवर बसते. दोघं फारसं बोलत नाहीत. भरतेशनं कुरिअरनं एक परदेशी दिवा पाठवला, उन्हाच्या जागी चालणारा. स्वतः आला नाही.

जनावर जगलं. पाय वाकडेच राहिले, चाल फेंगडी राहिली. हात अजूनही कधीतरी वर होतो. जीनत म्हणते, आता ती खोलीत असताना होत नाही. मौला असतानाच होतो. एकदा ती जिन्यातून येत होती तेव्हा तिनं पाहिलं, जनावराचा हात वर होता आणि पेटीसमोर बसलेल्या मौलाचाही. ती पायरीवरूनच मागं फिरली.

सगळ्यांत वाईट जुलै-ऑगस्ट. ढग येऊन बसतात, दिवसच्या दिवस ऊन नसतं, आणि वीज गेली की तो दिवाही बंद. अशा वेळी मौला शर्टाची वरची बटणं उघडून जनावराला आत छातीशी धरतो आणि शेडच्या मागच्या पायरीवर बसतो. वीज नसली की माग बंद, सगळीकडं सामसूम. परवा मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. शर्टातून फक्त काटेरी डोकं बाहेर होतं.

"गार पडलंय का रं?" मी विचारलं.

"न्हाई. अजून ऊब हाय," मौला म्हणाला, आणि आभाळाकडं बघत राहिला.